माल मोजला, माणसे राहिली

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. पश्चिमेकडे सरळ रेघ ओढली तरी किनारा साडेचारशे किलोमीटरवर लागतो. कयाधू, पूर्णा, पैनगंगा या इथल्या नद्या, आणि त्यांचे पाणी गोदावरीवाटे जाते ते बंगालच्या उपसागराला. मुंबईच्या समुद्राला त्यातला थेंबही मिळत नाही. नामदेवांचे नर्सी याच जिल्ह्यात. त्यामुळे भवसागर, नाव, पैलतीर हे सगळे कीर्तनातून लहानपणीच कानावर पडलेले असते. खरा समुद्र मात्र बहुतेकांनी पाहिलेला असतो तो कामानिमित्त किंवा दवाखान्याच्या निमित्ताने मुंबईला गेल्यावर, चौपाटीवर उभे राहून.

तरीही जिल्ह्याचा समुद्राशी रोकडा व्यवहार आहे, आणि तो हळदीचा. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातला असा निर्यातीचा माल कंटेनरमध्ये बंद होऊन न्हावाशेवाच्या बंदरात जातो आणि तिथून जहाजावर चढतो. त्याच न्हावाशेवाहून ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ हे कंटेनर जहाज बाहेर पडत होते आणि ‘खलिजिया-३’ हे दुसरे जहाज आत येत होते. मुंबई बंदराच्या तोंडाशी दोघांची टक्कर झाली. चित्रा एका अंगावर कलंडली. तिच्यावर बाराशेहून अधिक कंटेनर होते. त्यांतले दोनशेच्या वर पाण्यात पडले आणि जहाजांच्या वाटेत तरंगू लागले. सुमारे ८०० टन तेल सांडले. कीटकनाशके भरलेले कंटेनर किती, याचाही आकडा बाहेर आला: एकतीस. बंदराची वाट काही दिवस बंद ठेवावी लागली. जहाजांवरचे सगळे लोक वाचले.

चित्राचा अपघात आपल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या दुर्घटनांत गणला जाईल असा नव्हे. तो आधी सांगायचे कारण म्हणजे त्यातली मोजदाद. कंटेनर किती, विषारी किती, तेल किती, सगळे कागदावर होते. मुंबई ते गोवा या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास बुडालेल्या जहाजांच्या नोंदी एकापाठोपाठ एक वाचत गेले की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. माल किती होता हे नगाला नग सापडते. माणसे किती होती या प्रश्नावर मात्र ‘सुमारे’, ‘अंदाजे’, ‘काहींच्या मते’ सुरू होते.

‘रामदास’पासूनच पाहावे.

१७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढाची अमावास्या, गटारी. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. मुंबई तिच्या दृष्टीने दुसऱ्या राज्यातले शहर. त्या सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर रेवसला जाणाऱ्यांची झुंबड होती. गिरणीत, गोदीत, गिरगावातल्या घरांत काम करणारी कुलाबा जिल्ह्यातली माणसे सणाला गावी निघाली होती. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. रस्त्याने अलिबागला जायचे तर खाडीला वळसा घालत पनवेल-पेणवरून दिवस मोडायचा. बोटीने दीड तास.

‘रामदास’ ही १९३६ साली इंग्लंडच्या स्वान हंटर कंपनीने बांधलेली आगबोट. वजन ४०६ टन, लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट. अकरा वर्षांची बोट म्हणजे म्हातारी नव्हे. मराठी वर्तमानपत्रांत या बोटीच्या आठवणी दर जुलैत छापून येतात आणि त्यांत माणसांचा एक हिशेब ठरून गेला आहे: ६७३ प्रवासी, ४८ खलाशी, ४ अधिकारी, हॉटेलातले १८ नोकर आणि ३५ विनातिकीट. बेरीज ७७८. बेरीज इतकी चोख आहे की वाचणाऱ्याला खरी वाटते. पण विनातिकीट चढलेला माणूस मोजला कोणी? ज्याने तिकीटच काढले नाही त्याची नोंद कोणत्या वहीत असणार? आणि आईच्या कडेवरचे पोर यात धरले की नाही?

सकाळी आठच्या सुमारास बोट सुटली. पाऊस होता, वारा होता. पण आषाढात या दोन्ही गोष्टी नसत्या तर लोकांना नवल वाटले असते. बोट बंदराच्या आडोशात होती तोवर काही जाणवले नाही. उघड्या पाण्यावर आल्यावर ती डोलू लागली. वाचलेल्यांनी नंतर सांगितले ते असे: एका बाजूने मोठी लाट बोटीवर आली, पाणी डेकवर चढले, आणि भिजणारे, घाबरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले. त्या बाजूला वजन पडले. बोट तिकडे झुकली. ती सावरायच्या आत पुढची लाट आली. काशाच्या खडकाजवळ, मुंबईहून निघाल्याला जेमतेम अर्धा तास झाला असताना, ‘रामदास’ पालथी झाली.

अशी बोट का पालथी होते, हे समजायला मराठवाड्यातल्या माणसाला आगबोट पाहिलेली असायची गरज नाही. कडब्याने शिगोशीग भरलेली गाडी आणि तिच्या वर बसलेली चार पोरे त्याने पाहिलेली असतात. चाक चाकोरीतून जरा निसटले की सगळे एका अंगाला जाते. बोटीचेही तसेच. तिचे वजन तळाशी असले तर लाटेने ती झुकते आणि परत उभी राहते. तळात माल कमी आणि वरच्या डेकवर माणसे जास्त असली की भाराचा मध्य वर सरकतो आणि परत उभे राहायची ताकद कमी होते. त्यातही माल दोराने बांधून ठेवता येतो. माणूस बांधून ठेवता येत नाही. तो भीतीच्या उलट दिशेला पळतो, आणि बोटीवर भीतीची उलट दिशा म्हणजे नेमकी बुडणारी बाजू. शेकडो माणसे म्हणजे सैल सुटलेला काही टन भार, तोही एकाच क्षणी एकाच बाजूला.

पालथ्या बोटीखाली अडकलेल्यांना पोहता येत असून उपयोग नव्हता. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबई बंदरापासून काही मैलांवर शेकडो माणसे बुडत होती आणि बंदराला पत्ता नव्हता. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघालेल्या कोळ्यांच्या होड्या त्या वाटेवर होत्या. त्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि त्या जागी माणसे भरली. सुमारे पाऊणशे जीव त्यांनी वाचवले असे सांगतात. घाऊक बाजारात दिवसाची कमाई देणारी मासळी ज्यांनी दोन मिनिटांत टाकून दिली त्यांची नावे कुठल्या अधिकृत कागदावर ठळक दिसत नाहीत, हेही या हिशेबात धरावे. मुंबईला बातमी कळली ती दुपार उलटल्यावर, एक मुलगा पोहत आणि लाटांबरोबर वाहत गेटवे ऑफ इंडियाच्या बाजूला लागला तेव्हा.

मेलेल्यांचा आकडा सहसा ६२५ दिला जातो. काही ठिकाणी तो ६९०च्या घरात जातो. म्हणजे पासष्टेक माणसांचा फरक. एका एसटी गाडीत दाटीवाटीने बसतील इतक्या माणसांचा. बंदरापासून अर्ध्या तासावर, छापखाने आणि न्यायालये असलेल्या शहराच्या समोर घडलेल्या दुर्घटनेत हा फरक आजवर मिटलेला नाही.

बोट ज्या कंपनीची होती तिचे कागदावरचे नाव इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. स्वदेशीच्या वाऱ्यावर उभी राहिलेली कंपनी. कोकण किनाऱ्यावरची वाहतूक तोवर साहेबांच्या कंपन्यांच्या हातात होती. त्यांतल्या जुन्या कंपनीचे शेफर्ड हे नाव कोकणी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात राहिले. स्वदेशी कंपनीने आपल्या बोटींना ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे दिली. भांडवल मराठी माणसाकडून उभे करायचे, उतारूही मराठी, तेव्हा नाव असे हवे की बोटीवर पाय ठेवताना माणसाने नकळत हात जोडावेत. धंद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. पण नावाने बोट तरत नाही.

कंपनीला हे १९४७च्या वीस वर्षे आधीच कळले होते. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच वादळात, एकाच दिवशी गेल्या. त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच उलटली होती. पावसाळा संपून समुद्र शांत झाला, आता बिनघोर निघावे, असे मानायचे ते दिवस. तुकोबांची गाथा इंद्रायणीत तरली ही श्रद्धा ज्या समाजाच्या हाडीमाशी भिनलेली, त्याला ‘तुकाराम’ बुडाल्याची बातमी कशी लागली असेल याची कल्पनाच केलेली बरी.

दिवाळीनंतरचा समुद्र फसवा असतो. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असतो. पण तो उघड खवळलेला असतो. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी काढत नाहीत, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. नोव्हेंबरची मात्र कोणी धास्ती घेत नाही. लग्नाचे मुहूर्त, व्यापाऱ्यांची नवी वर्षे, परीक्षा, सगळे याच सुमारास.

‘वैतरणा’ अशीच गेली. ठाण्या-नाशिकच्या नदीचे नाव ल्यालेली ही आगबोट १८८५ साली स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथ इथे बांधली होती. मालक मुंबईची ए. जे. शेफर्ड कंपनी. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून कच्छ-काठेवाडात तिला ‘वीजळी’ म्हणत आणि कप्तानाच्या नावाने ‘हाजी कासमनी वीजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, कार्तिक शुद्ध पंचमीला, ती कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे निघाली. द्वारकेला आणखी उतारू घेतले. वादळामुळे पोरबंदरला थांबली नाही. मांगरोळच्या बाजूला तिचे दिवे शेवटचे दिसल्याचे सांगतात. पुढे ना बोट, ना फळकूट, ना प्रेत. शोधाला बोटी गेल्या आणि हात हलवत परतल्या. बोटीवर लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते. मुंबई सरकारने चौकशी केली तेव्हा बचावाची साधने पुरेशी नव्हती असा ठपका ठेवला गेला.

किती माणसे? चौकशीच्या बाजूने जाणारा आकडा ७०३ उतारू आणि ४३ कर्मचारी, एकूण ७४६. गुजराती लोकगीतांनी आणि कहाण्यांनी तो तेराशेवर नेला. लोकगीत वाढवून सांगणार हे मान्य. पण सरकारी आकडा तिकिटांवरून निघतो आणि तिकिटे अर्धी, पाव, माफ अशी असतात, हेही तितकेच मान्य करायला हवे. ‘टायटॅनिक’च्या चोवीस वर्षे आधीची ही घटना. ‘टायटॅनिक’वर कोण कुठल्या वर्गात होते, काय जेवले, इथपर्यंत जगाला माहीत आहे; त्या जहाजाची उतारूंची यादी जगभर चघळली जाते. ‘वैतरणा’वरचे लोक डेकवर गाठोड्यावर बसून आलेले होते. डेकच्या उतारूची यादी ठेवायची रीतच नव्हती.

यावर कोणी म्हणेल, जुनी गोष्ट आहे, त्या काळी मोजदादच ढिली होती. तसे नव्हते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. हे दोन्ही एकत्र भरण्याचा शहाणपणा युद्धाच्या घाईत केला गेला. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. गोदीतली डझनभर जहाजे बुडाली किंवा निकामी झाली, ‘जलपद्म’ नावाचे जहाज उचलून धक्क्यावर फेकले गेले, मांडवी-मस्जिद बंदरचा परिसर पेटला. आग विझवायला गेलेले ६६ जवान मेले. आज १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी.

‘फोर्ट स्टिकिन’वर सोनेही होते. किती? १२४ विटा, ३१ पेट्यांत, प्रत्येक पेटीत चार. एकेक वीट पावणेतेरा किलोच्या आसपास. किंमत ८ लाख ९० हजार पौंड. यातली एक वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्याने ती परत केली. गोदीतला गाळ उपसताना सत्तरच्या दशकातही विटा सापडत होत्या. त्या स्फोटांत माणसे किती मेली? ८०० ते १,३००. गोदीतले हमाल रोजंदारीवर होते, त्या दुपारी कोण आत होते आणि कोण बाहेर याची वही नव्हती. सोन्याच्या विटेला हिशेब होता. तिच्याजवळून गोणी वाहणाऱ्याला नव्हता.

चांदीचीही एक गोष्ट आहे. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ हे जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले आणि तीन दिवसांनी, भर समुद्रात, जपानी पाणबुडीने ते बुडवले. २८० माणसे गेली. या जहाजाची यादी होती, म्हणून आकडा पक्का. जहाजाबरोबर २,३६४ चांदीच्या लगडी तळाला गेल्या. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने त्या वर काढल्या आणि त्या कोणाच्या यावर दक्षिण आफ्रिका सरकारशी खटला चालला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये निकाल दिला. ऐंशी वर्षांनी जगाने ‘तिलावा’चे नाव ऐकले ते चांदीमुळे.

आणखी मागे गेले तर माणसे हिशेबातून पूर्णच गळतात. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. वॉटसनची जहाजे समुद्राकडून आणि क्लाइव्हचे सैन्य जमिनीवरून असा इंग्रजांचा वेढा होता, आणि नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने. मराठ्यांच्या आरमाराची राखरांगोळी मराठ्यांच्याच पंतप्रधानाच्या संमतीने झाली, हे आपल्या इतिहासातले अवघड पान. तोफेचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच हिसकावले होते. त्याला आग लागली, शेजारी एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांना आणि गलबतांना ती झोंबली आणि कान्होजींपासून उभे राहिलेले आरमार त्या खाडीतच खाक झाले. इंग्रजांना किल्ल्यात मिळालेली लूट दहा लाख रुपयांच्या आसपास होती. ती कोणाला किती वाटायची यावरून पुढे कुरबुरी झाल्याच्या नोंदी आहेत. गुराबांवरच्या भंडारी आणि कोळी खलाशांपैकी किती जळाले, किती पोहून निघाले, यावरून कोणी कुरबुर केल्याचे दिसत नाही.

गोव्याच्या पाण्यात तर बुडालेली जहाजे पुराव्यापुरतीच उरली आहेत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले सिला त्रिपाठी आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकापासून तिथे पाणबुड्यांसह उतरत आले आहेत. सुंची खडकावर त्यांना जे सापडले ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे समजले जाते: हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफा, एक हातबंदूक, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मर्तबानी बरण्या. आपल्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीला जो मर्तबान म्हणतात तो ब्रह्मदेशातल्या त्या बंदराच्याच नावाचा. आफ्रिकेचे दात, चीनची भांडी आणि ब्रह्मदेशी बरण्या अशा सगळ्यांना घेऊन येणारे जहाज जुवारीच्या तोंडाशी, धक्का दृष्टीच्या टप्प्यात असताना, अवघ्या काही मीटर पाण्यात खडकाला लागले.

सेंट जॉर्ज खडकावरचे जहाज त्याहून अलीकडचे आणि सामान अगदी घरगुती. मंगलोरी कौले, कोन्याची कौले, विटा, खांबांचे नक्षीदार माथे. कौलांवर ठसा आहे: बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. जर्मन-स्विस मिशनऱ्यांचा मंगळूरचा हा कारखाना. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांवरची लाल कौले तिथूनच सुरू झाली, आणि हा माल गोव्याच्या किंवा पुढच्या कुठल्या तरी घरावर, देवळावर किंवा चर्चवर चढायचा होता. दीडशे वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही ठसा वाचता येतो. जहाजाचे नाव मात्र माहीत नाही. खलाशांचे तर विचारायलाच नको. अमी शोलवर तिसरे, वाफेच्या इंजिनाचे जहाज आहे. त्याचा बॉयलर आणि भट्टीच्या विटा वाळूत पडून आहेत.

आता पुन्हा मुंबईकडे. २०११च्या पावसाळ्यात मुंबईकरांनी एक तमाशा पाहिला. जूनमध्ये ‘विस्डम’ हे भंगारात निघालेले जहाज ओढून नेणाऱ्या बोटीचा दोर तुटून जुहूच्या वाळूत रुतले. ते निघते न निघते तोच ३१ जुलैला ‘पवित’ नावाचा तेलवाहू टँकर त्याच जुहूला येऊन लागला. त्याच्यावर माणूसच नव्हता. ओमानजवळ खलाशांनी तो सोडून दिला होता आणि महिनाभर अरबी समुद्रात एकटाच भटकत तो नौदल, तटरक्षक दल, पोलीस अशा सगळ्यांच्या नजरेखालून थेट चौपाटीवर आला. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला तीन वर्षेही झाली नव्हती. लोक हसले, पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

त्याच आठवड्यात, ४ ऑगस्टला, ‘रॅक कॅरियर’ मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडाले. इंडोनेशियाहून गुजरातमधल्या दहेजला कोळसा घेऊन ते निघाले होते. खलाशी तीस, सगळे वाचले. कोळसा ६०,०५४ टन. हा आकडा वर्तमानपत्रांत, संसदेत, हरित न्यायाधिकरणात सगळीकडे असाच येतो; चौपन्न टनसुद्धा कोणी गोळाबेरीज करून सोडत नाही. त्याखेरीज २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१६मध्ये जहाजाच्या मालक कंपनीला १०० कोटी आणि कोळशाच्या मालक कंपनीला ५ कोटी रुपये भरायला सांगितले. जहाज आणि कोळसा अजून तळाशीच आहे.

अशा जहाजांचे बुडणे ‘रामदास’सारखे क्षणाचे नसते. ‘रॅक’मध्ये पाणी शिरले, जहाज तिरके होत गेले, खलाशांना हेलिकॉप्टरने उचलायला वेळ मिळाला. २०२२च्या सप्टेंबरमध्ये रत्नागिरी-देवगडच्या समोर डांबर घेऊन निघालेल्या ‘पार्थ’चेही तसेच झाले, तटरक्षक दलाने एकोणीसच्या एकोणीस खलाशांना उचलले. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर येऊन आदळलेले ‘बसरा स्टार’ तर वर्षानुवर्षे तिथेच राहिले आणि सेल्फीची जागा झाले. तेरा खलाशी होते, तेरा उतरले. मालवाहू जहाजावर प्रत्येक खलाशाचा करार असतो, त्याचा विमा असतो, त्याची यादी बंदरात दिलेली असते. संकट आले की वाचवणाऱ्याला नेमके माहीत असते किती जणांसाठी किती फेऱ्या करायच्या.

मग १७ मे २०२१ येतो आणि हा भरवसा मोडतो. तौक्ते चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळालेली होती. मुंबईसमोरच्या हिरा तेलक्षेत्रात काम करणाऱ्या कामगारांच्या राहण्यासाठी ‘पी-३०५’ नावाची बार्ज, म्हणजे मोठा तराफा, नांगरून ठेवलेली होती. बार्जला स्वतःचे इंजिन नसते. पळून जायचे तर दुसऱ्या बोटीने ओढून न्यावे लागते. ‘पी-३०५’ वादळात तिथेच राहिली. नांगरांचे दोर एकेक करून तुटले, बार्ज वाहत जाऊन तेलाच्या एका मानवरहित फलाटावर आदळली, तळाला भोक पडले आणि संध्याकाळी ती बुडाली. ‘आयएनएस कोची’ आणि ‘आयएनएस कोलकाता’ या युद्धनौका रात्रभर काळोखात, आठ-आठ मीटरच्या लाटांत माणसे वेचत होत्या. लाइफ जॅकेटला बिलगून दहा-बारा तास पाण्यात राहिलेली माणसे त्यांनी वर घेतली.

त्या बार्जवर दर्यावर्दी थोडे होते. वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, मदतनीस. देशाच्या आतल्या जिल्ह्यांतून कंत्राटदाराने आणलेली, ज्यांच्या गावाला समुद्र नाही अशी माणसे त्यांत होती. आधी सांगितले गेले की बार्जवर २७३ जण होते. मग आकडा बदलून २६१ झाला. २०२१ सालच्या भारतात, उपग्रह आणि संगणक असताना, मुंबईसमोरच्या एका तेलक्षेत्रातल्या बार्जवर बारा माणसे कमी होती की जास्त हे ठरायला दिवस गेले. बार्ज आणि तिच्याबरोबरची ‘वरप्रदा’ ही टग मिळून ऐंशीहून अधिक जण गेले. प्रेते रायगडच्या आणि थेट गुजरातच्या वलसाडच्या किनाऱ्याला लागली. ओळख पटेना म्हणून डीएनए तपासणी करावी लागली आणि त्यासाठी घरच्यांना मुंबईला बोलावून रक्त घ्यावे लागले.

‘रामदास’च्या मार्गाजवळच, मुंबई बंदरातच, १८ डिसेंबर २०२४ रोजी ‘नीलकमल’ बुडाली. गेटवेहून घारापुरीला निघालेली ही लाकडी लाँच. वाऱ्याचा मागमूस नाही, समुद्र सपाट, दुपारचे ऊन. इंजिनची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट चालकाचा ताबा सुटून तिच्यावर आदळली. ‘नीलकमल’वरच्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये नौदलाची ती बोट वळसा घेऊन सरळ अंगावर येताना चित्रित झाली आहे. ते दृश्य घरोघरी पाहिले गेले. एकूण पंधरा जण गेले, शेवटचा मृतदेह सापडला तो अपघातानंतर तीन दिवसांनी. या वेळीही मदतीला आधी पोचल्या त्या आजूबाजूच्या लाँच आणि बंदरातल्या छोट्या बोटी.

चौकशीत परवाना बाहेर आला. ८४ उतारू आणि ६ कर्मचारी, इतकी मंजुरी. प्रत्यक्षात शंभरहून अधिक जण बोटीवर होते. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे झाले.